प्रक्रिया म्हणजे भेसळ नव्हे

प्रतिमेला हात लागला की ती बाटली, ही समजूत आज जवळजवळ सर्वमान्य झाली आहे. ओतीव धातूच्या भागाचा सीटी अहवाल हाती पडला की ग्राहक म्हणतो, ‘सॉफ्टवेअरने काढलेलं चित्र नको, मूळ फोटो द्या.’ विज्ञानदिनाला खोडदची दुर्बीण पाहायला येणाऱ्यांचा प्रश्नही याच जातीचा असतो : ‘हे रंग खरे आहेत, की नंतर भरलेत?’ मोबाइलवर उजळलेले चेहरे आणि निवडणुकीत फिरणाऱ्या बनावट चित्रफिती रोज पाहणाऱ्या समाजाला असा संशय यावा, हे स्वाभाविकच आहे. पण त्या संशयातून एक सूत्र तयार झाले आणि ते शहाण्यासुरत्या माणसांनीही स्वीकारले : प्रक्रिया जितकी कमी, तितकी प्रतिमा खरी, आणि जिच्यावर काहीच केले नाही, ती पूर्ण खरी. हे सूत्र चुकीचे आहे. निरुपद्रवी तर ते मुळीच नाही, कारण त्याच्या आधाराने चांगला माल नाकारला जातो, वाईट माल पास होतो आणि प्रामाणिक संशोधकावर भेसळीचा आळ येतो.

खंडनाला हात घालण्यापूर्वी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. जीवशास्त्राच्या शोधनिबंधांत प्रथिनांच्या पट्ट्यांची छायाचित्रे छापली जातात. संगणकावर चित्र सुधारण्याची सोय झाली तशी काहींनी नकोशी पट्टी पुसायला आणि हवीशी पट्टी दुसरीकडून आणून चिकटवायला सुरुवात केली. ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ या नियतकालिकाने २००२पासून स्वीकारलेल्या प्रत्येक निबंधातली चित्रे तपासायला घेतली. चित्राच्या एखाद्याच भागाला उठाव देऊ नये, काही लपवू नये, बदल केलाच तर सबंध चित्रावर सारखा करावा, असे नियम त्यातून रूढ झाले. ते योग्यच होते. तिथे कॅमेऱ्याने वस्तूचे चित्र आधीच घेतलेले होते आणि त्यानंतर जे काही केले जाई ते त्या चित्रावर वरून केलेले असे. मूळ आणि सुधारित अशा दोन वस्तू शेजारी ठेवून पाहता येत. जिथे मूळ चित्र हाती आहे, तिथे त्याच्याशी इमान राखा, ही मागणी कोणीही मान्य करील.

पूर्वपक्षाची गफलत याच्या पुढच्या पायरीवर होते. प्रत्येक वैज्ञानिक प्रतिमेच्या मागे असे एखादे मूळ चित्र कुठेतरी दडलेले आहे, असे तो गृहीत धरतो. खोडदला तसे काही नाही.

नारायणगावहून पूर्वेला साधारण दहा किलोमीटरवर, जुन्नर तालुक्यातल्या या गावाच्या शिवारात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी ही दुर्बीण उभी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मधल्या साधारण एक किलोमीटरच्या चौकात दाटीने, उरलेल्या सोळा तीन बाहूंवर, इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात दूरदूर पसरलेल्या. टोकाच्या दोन तबकड्यांमधले अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर भरते. तिचे शिल्पकार गोविंद स्वरूप यांनी पत्र्याऐवजी दोरांच्या सांगाड्यावर ताणलेली तारेची जाळी वापरली. वारा तिच्यातून निघून जातो, म्हणून इतकी मोठी तबकडी कमी लोखंडात उभी राहिली.

या तिसांपैकी एकाही तबकडीत आकाशाचे चित्र उमटत नाही. दोन तबकड्यांकडे आलेले संकेत एकत्र आणून गुणले जातात आणि त्यातून एक तीव्रता व एक कला मिळते. या जोडआकड्याचा अर्थ असा : आपण पाहतो आहोत त्या आकाशाच्या तुकड्यात अमुक दिशेच्या, अमुक रुंदीच्या उजेड-अंधाराच्या पट्ट्या किती ठळक आहेत आणि त्या कुठून सुरू होतात. तबकड्या जवळच्या असतील तर पट्ट्या रुंद, लांबच्या असतील तर अरुंद. तीस तबकड्यांच्या जोड्या ४३५. म्हणजे एका क्षणी ४३५ पट्ट्यांची मापे. पृथ्वी फिरते तशा आकाशातून पाहताना जोड्यांच्या दिशा बदलत जातात आणि मापांत भर पडते. रात्रभर निरीक्षण केले तरी सगळ्या दिशा आणि सगळ्या रुंदी भरून निघत नाहीत, मध्ये मोकळ्या जागा राहतातच.

आता कोणी ‘मूळ फोटो द्या’ म्हणाले तर द्यायचे काय? आकड्यांची यादी. तिच्यात एकही तारा नाही, एकही दीर्घिका नाही. मोजलेल्या पट्ट्या नुसत्या एकावर एक रचल्या आणि दुसरे काहीही केले नाही तर जे चित्र मिळते, त्याला या क्षेत्रातली माणसे सरळ ‘डर्टी मॅप’ म्हणतात. त्यात प्रत्येक ठिपक्याला आरे फुटलेले असतात. ते आरे आकाशातले नाहीत. तबकड्या जमिनीवर जशा मांडल्या आहेत, त्या मांडणीचा तो ठसा असतो आणि तो प्रत्येक ताऱ्याभोवती पुन्हा उमटतो. कमीत कमी प्रक्रिया केलेल्या प्रतिमेत आकाशाइतकेच खोडद दिसते. पूर्वपक्षाच्या सूत्रानुसार हीच सर्वांत खरी प्रतिमा ठरायला हवी. ती तशी आहे असे त्या पक्षाचा कट्टर समर्थकही म्हणणार नाही.

आरे काढून टाकण्याची पद्धत स्वीडनच्या यान हॉगबॉम यांनी १९७४मध्ये मांडली. तिचे नाव ‘क्लीन’. चित्रातला सर्वांत तेजस्वी बिंदू शोधायचा. त्या जागी एकटा ठिपका असता तर आऱ्यांसकट कसा दिसला असता, हे मांडणीवरून आधीच ठाऊक असते. त्या आकृतीचा थोडासा भाग, बहुधा एक दशांश, तिथून वजा करायचा आणि वजा केलेल्याची नोंद ठेवायची. मग उरलेल्यातला सर्वांत तेजस्वी बिंदू. हे हजारो वेळा करायचे. शेवटी नोंदलेले बिंदू स्वच्छ ठिपक्यांच्या रूपात परत ठेवायचे. इथे माणसाचे निर्णय आहेत, हे मी लपवत नाही. थांबायचे कधी, शोध चित्रभर घ्यायचा की आखून दिलेल्या चौकटींतच, लांबच्या जोड्यांना किती वजन द्यायचे. उशिरा थांबलात तर गोंगाटाचेच तारे होतील. लवकर थांबलात तर मंद दीर्घिका शेजारच्या तेजस्वी ताऱ्याच्या आऱ्यांखाली गाडली जाईल. वजने बदलली की त्याच आकड्यांतून एक चित्र बारीक तपशिलाचे पण गोंगाटाचे निघते आणि दुसरे मऊ पण मंद पसरलेला प्रकाश नीट दाखवणारे. दोन्ही खरी असतात.

इथे प्रतिपक्षी उसळून म्हणेल, ‘म्हणजे तुम्हाला हवे ते चित्र काढता येते!’ हा त्याचा सर्वांत बळकट आक्षेप आहे. त्यातही ‘सेल्फ-कॅलिब्रेशन’ नावाच्या पायरीवर त्याचे बोट बरोबर पडते, कारण तिथे आधी काढलेल्या चित्राच्याच आधाराने मापांतल्या चुका दुरुस्त केल्या जातात. वर्तुळात फिरण्यासारखे वाटते खरे. पण आकडे पाहा. कमी वारंवारतेच्या रेडिओलहरींना आयनांबर वेडेवाकडे ढकलते, केबलांत आणि उपकरणांत उशीर होतो. या चुका बहुतांशी एकेका तबकडीच्या असतात, जोडीच्या नसतात. तीन तबकड्यांचा त्रिकोण घेऊन तिन्ही जोड्यांच्या कला फेरीने मिळवल्या, तर प्रत्येक तबकडीची चूक एकदा अधिक आणि एकदा उणी होऊन कटते. रॉजर जेनिसन यांनी १९५८मध्ये हे दाखवले. तीस तबकड्यांपैकी एक संदर्भाला धरली तर दुरुस्त करायच्या कला २९ उरतात आणि मोजलेल्या असतात ४३५. दुरुस्ती कितीही ओढूनताणून केली तरी ४०६ स्वतंत्र नाती तिच्या हाती लागत नाहीत. मनात आणले म्हणून आकाशात नसलेली दीर्घिका तिथे उभी करता येत नाही. ती नाती तिला धरून बसणार नाहीत. धोका उलट बाजूचा असतो : आधीच्या चित्रात जे धरले नाही, ते खरे असूनही दबू शकते. म्हणूनच कोणते चित्र आधाराला घेतले होते, हे सांगणे इथे इतके महत्त्वाचे.

दुसरा पुरावा निराळ्या पद्धतीचा. पुढे खोडदच्या दुर्बिणीची धुरा वाहणारे राजाराम नित्यानंद आणि रमेश नारायण यांनी महत्तम एन्ट्रॉपीच्या पद्धतीवर काम केले. १९८६चा त्यांचा आढावा आजही वाचला जातो. ‘क्लीन’ आकाश म्हणजे ठिपक्यांचा समूह असे मानते. महत्तम एन्ट्रॉपी मापांशी जुळणाऱ्या चित्रांतले सर्वांत सपाट, सर्वांत कमी दावा करणारे चित्र निवडते. गृहीतके इतकी वेगळी असूनही जे दोन्हींत टिकते, त्यावर विश्वास ठेवायला आधार असतो. एम ८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची १० एप्रिल २०१९ला जाहीर झालेली प्रतिमा याच रीतीने तयार झाली. आधी चार गटांनी एकमेकांना न दाखवता आपापले चित्र काढले आणि मग तीन निरनिराळ्या सॉफ्टवेअरांनी तपासणी झाली. मापे सार्वजनिक केली गेली. म्हणूनच २०२२मध्ये जपानच्या माकोतो मियोशी आणि सहकाऱ्यांना त्याच मापांतून वेगळे चित्र काढून वर्तुळाच्या दाव्याला आव्हान देता आले आणि मूळ गटाला मुद्देसूद उत्तर देता आले. इतका मोठा वाद असूनही तो ‘मूळ फोटो दाखवा’ या पातळीवर उतरला नाही.

कमी प्रक्रियेच्या सूत्राला सर्वांत मोठा धक्का खोडदच्याच एका कामाने दिला, असे मला वाटते. २०२०मध्ये आदित्य चौधुरी, निसिम कानेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधल्या हायड्रोजन वायूचे सरासरी प्रमाण मोजले आणि ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. त्यासाठी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र आणले होते. त्यांतल्या एकीचाही संकेत एकटा गोंगाटाच्या वर येत नव्हता. प्रत्येकीची अपेक्षित वारंवारता तिच्या अंतरावरून ठरवून, सगळ्या एका रेषेत आणून बेरीज केल्यावरच तो दिसला. प्रक्रिया वजा केली तर इथे मूळ काहीच शिल्लक राहत नाही, कारण शोध प्रक्रियेतूनच निघाला आहे.

‘आकाशाचे ठीक, पण आमच्या धातूच्या तुकड्याला हे का लावता?’ असे कारखानदार विचारील. लावतो, कारण गणित एकच आहे आणि ते एकाच घराण्यातून आले आहे. १९५३मध्ये गोविंद स्वरूप ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ पॉट्स हिलला गेले, तेव्हा ख्रिश्चनसेन आणि वॉरबर्टन सूर्याचे पट्टीपट्टीने घेतलेले मोजमाप जोडून त्याचा द्विमितीय नकाशा हाताने आकडेमोड करून तयार करत होते. वेगवेगळ्या दिशांनी घेतलेल्या पट्ट्यांवरून सपाट चित्र कसे परत मिळवायचे, याचे गणित रॉन ब्रेसवेल यांनी १९५६मध्ये मांडले. पुढे स्टॅनफर्डला स्वरूप यांनी पीएच.डी. केली ती याच ब्रेसवेल यांच्याकडे. पॉट्स हिलच्या बत्तीस छोट्या तबकड्या भारताला भेट मिळाल्या आणि १९६५मध्ये कल्याणजवळ त्यांची सौर दुर्बीण उभी राहिली. खोडदची वाट कल्याणहून, मग उटीहून येते. ब्रेसवेल आणि रिडल यांनी १९६७मध्ये फूरिये रूपांतराच्या वळणाने न जाता थेट गाळणी लावून चित्र काढण्याची रीत दिली. तीच रीत क्ष-किरणांसाठी जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी १९७१मध्ये स्वतंत्रपणे मांडली. लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाचे डोके स्कॅन केले ते त्याच वर्षी, १ ऑक्टोबरला. आज पदार्थांच्या टोमोग्राफीच्या सॉफ्टवेअरमध्ये गाळण्यांची यादी उघडली की ‘राम-लॅक’ हे नाव बहुतेक पहिलेच असते.

त्या गाळणीचे काम समजले की पूर्वपक्षाचे उरलेसुरले बळही जाते. तुकडा फिरवत वेगवेगळ्या कोनांतून क्ष-किरणांच्या सावल्या घेतल्या आणि प्रत्येक सावली आली त्या दिशेने परत पसरली तर काय मिळते? एक धूसर ढग. धातूतला बारीक तडा त्यात आजूबाजूला विरघळलेला असतो. राम-लॅक गाळणी बारीक तपशिलाला त्याच्या बारीकपणाच्या प्रमाणात उचलते आणि ढगाची कडा स्पष्ट होते. त्याबरोबर गोंगाटही उचलला जातो, म्हणून कुणी शेप-लोगन तर कुणी हॅन यांची मऊ गाळणी पसंत करते. गाळणी वापरायची की नाही हा प्रश्नच नाही. कोणती वापरली, हा प्रश्न आहे.

एकजिनसी ॲल्युमिनियमचा भरीव दंडगोल घ्या. नळीतून येणारे क्ष-किरण निरनिराळ्या ऊर्जांचे असतात. मऊ किरण धातूत आधी शोषले जातात आणि आतपर्यंत पोहोचतात ते कठीण, सहज पार होणारे. त्यामुळे दुरुस्ती न केलेल्या प्रतिमेत दंडगोलाचा मध्य कडेपेक्षा कमी घनतेचा, पोकळीकडे झुकलेला दिसतो. प्रक्रिया नको म्हणणारा ग्राहक हा निर्दोष तुकडा भंगारात टाकील. किंवा दुसरे पाहा. शोधकातला एखादा पिक्सेल बिघडला की तुकडा फिरताना तो प्रतिमेत फिरण्याच्या अक्षाभोवती गोल कडे काढतो. ही कडी पुसण्यासाठी चांगल्या रीती आहेत. पण तपासायची वस्तू एकाभोवती एक थर असलेली केबल असेल आणि ती अक्षावरच बसवलेली असेल, तर तीच रीत खरा थर पुसून टाकू शकते. पहिल्या उदाहरणात प्रक्रिया न करणे चूक, दुसऱ्यात ती आंधळेपणाने करणे चूक. दोन्ही ठिकाणी वाचवणारी गोष्ट एकच : काय केले आणि वस्तू कशी बसवली होती, हे अहवालात लिहिलेले असणे.

याहून रोजच्या व्यवहारातले उदाहरण छिद्रांचे आहे. फाउंड्रीत ज्याला ब्लो होल म्हणतात, तशी छिद्रे सीटीने मोजून पोरॉसिटीचा टक्का काढतात. त्रिमितीय प्रतिमा व्हॉक्सेल नावाच्या घनकणांची बनलेली असते आणि प्रत्येकाला करडेपणाचा एक आकडा असतो. अमुक आकड्याखाली हवा, वर धातू, अशी रेघ ओढली जाते. छिद्राच्या कडेचे व्हॉक्सेल मात्र अर्धे हवेत, अर्धे धातूत असतात. दहा व्हॉक्सेल व्यासाचे छिद्र घ्या. रेघ किंचित वर सरकवली आणि कड चहूबाजूंनी अर्धा व्हॉक्सेल बाहेर गेली, तर व्यास अकरा होतो आणि घनफळ ३३ टक्क्यांनी वाढते. रेघ खाली घेतली आणि व्यास नऊ झाला, तर घनफळ २७ टक्क्यांनी घटते. एका व्हॉक्सेलच्या अर्ध्या भागाने पोरॉसिटी पावणेदोनपटीहून जास्त फरकाने हलते. मान्य मर्यादा या दोन टोकांच्या मध्ये असेल, तर माल पास की नापास हे त्या रेघेवर ठरते. ‘रेघ आम्ही ओढत नाही, संगणक आपोआप ओढतो,’ हे उत्तरही पुरेसे नाही. नोबुयुकी ओत्सु यांची १९७९ची प्रसिद्ध पद्धत करड्या आकड्यांच्या वाटणीवरून रेघ ठरवते. तुकड्याभोवतीची हवा चौकटीत किती घेतली, यावर ती वाटणी बदलते आणि तिच्यासोबत रेघही. चौकट कुणीतरी माणसानेच आखलेली असते.

खंडन इथवर. आता माझी बाजू. अप्रत्यक्ष प्रतिमेचा खरेपणा तिच्यावर किती कमी काम झाले यावर ठरत नाही. ज्याने ते काम केले नाही अशा दुसऱ्या माणसाला त्याच मापांपासून सुरुवात करून, प्रत्येक पायरी पाहून, तिथे पोहोचता येते का आणि एखादी पायरी बदलून काय होते ते तपासता येते का, यावर तो ठरतो. शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सातबारा पिढ्यानपिढ्या बदलत आला म्हणून तो कुणी खोटा ठरवत नाही. गाव नमुना सहामध्ये नोंद नसताना एखादे नाव चढले किंवा गळले, की मात्र तो तहसीलपर्यंत भांडायला जातो.

हे नुसते तत्त्व नाही, याचा दाखला खोडदनेच दिला आहे. २०१० ते २०१२ या काळात जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झला जवळजवळ सगळे दिसणारे आकाश धुंडाळले. ती मापे खुली होती. हॉलंडमधल्या लायडनचे हुईब इंटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यात प्रीशांत जगन्नाथन आणि कुणाल मुळे ही आपली माणसेही होती, आयनांबराच्या दुरुस्तीसाठी स्वतः विकसित केलेल्या ‘स्पॅम’ या प्रणालीने सबंध मापांवर नव्याने काम केले आणि सहा लाखांहून अधिक रेडिओस्रोतांची यादी तयार केली. मोजणारे एक, चित्र काढणारे दुसरे. पुढे ऑस्ट्रेलियाच्या नताशा हर्ली-वॉकर यांनी त्या यादीतली तेजस्विता दुसऱ्या एका सर्वेक्षणाशी ताडून पाहिली, तेव्हा आकाशाच्या काही भागांत मोजपट्टी थोडी सरकलेली आढळली. विश्वाची मोठी रचना अभ्यासणाऱ्यांनाही याच यादीत विस्तृत पट्ट्यांवर न पटणारा जादा चढउतार दिसला आणि त्याचे मूळ आकाशात नसून मापांच्या जुळणीत असावे, असा निष्कर्ष निघाला. कुणी म्हणेल, बघा, प्रक्रियेत चूक निघाली! निघाली, आणि कुठल्या पायरीवर निघाली हे सांगता आले. ती यादी आजही जगभर वापरतात, आणि तिच्या उणिवा माहीत असल्यामुळे जपून वापरतात. पुढे रुता काळे आणि ईश्वर चंद्र यांनी सुधारित दुर्बिणीसाठी ‘कॅप्चर’ ही प्रणाली उघडपणे दिली. तिच्यात काय चालते, हे कुणालाही ओळीओळीने वाचता येते.

उघडपणाने वाद मिटतातच असे मात्र कुणी समजू नये. खोडदपासून जवळच कुकडीच्या काठी बोरी गाव आहे. तिथे ज्वालामुखीच्या राखेच्या थराजवळ प्राचीन दगडी हत्यारे सापडली. राखेचे वय काहींनी लाखो वर्षे काढले, एका मापनात तर सुमारे चौदा लाख. दुसऱ्यांनी ती इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरवली. माणसाच्या इतिहासासाठी हा फरक प्रचंड आहे आणि मतभेद दीर्घकाळ चालला. पण भांडण नेमक्या जागी झाले : कोणते कण निवडले, त्यांत जुन्या खडकाची भर होती का, कोणती पद्धत लावली. प्रत्येकाने आपली पायरी लिहून ठेवली होती, म्हणून दुसऱ्याला तिच्यावर बोट ठेवता आले. शास्त्रात मतभेदाची अशी जागा मिळणे ही मोठी मिळकत आहे.

आता नवी पंचाईत उभी राहिली आहे आणि तिच्यापुढे कमी प्रक्रियेचे जुने सूत्र पार निकामी आहे. शिकवलेल्या न्यूरल नेटवर्कला थोड्या सावल्या दिल्या तरी ते स्वच्छ, देखणी प्रतिमा काढते. एमआरआयसाठी न्यूयॉर्क विद्यापीठ आणि फेसबुकने २०२०मध्ये भरवलेल्या स्पर्धेत अशा काही प्रतिमांत शरीरात नसलेल्या रचना दिसल्याचे तज्ज्ञांनी नोंदवले. धातूत हे आणखी धोक्याचे आहे. हजार निर्दोष तुकड्यांवर शिकलेले जाळे एक हजार एकाव्या तुकड्यातला तडा ‘गोंगाट’ समजून बुजवू शकते. इथे ‘फक्त एकच पायरी केली’ असे म्हणता येते आणि ते खरेही असते. पण त्या एका पायरीत काय झाले, हे कुणालाच वाचता येत नाही. ‘क्लीन’चे हजारो फेरे उघडे असतात, जाळ्याचा एक फेरा बंद. पायऱ्यांची संख्या मोजून खरेपण ठरवणाऱ्यांना या यंत्रापुढे बोलायला काही उरत नाही. माझ्या मते जाळे वापरू नये असे नाही. ते कशावर शिकले हे सांगावे, त्याचे वजन-आकडे जपावेत आणि साध्या गाळणीने काढलेली प्रतिमा शेजारी द्यावी.

‘अनुभवी माणसाची नजर कागदावर कशी उतरवणार?’ हा शेवटचा आक्षेप मला जिव्हाळ्याचा वाटतो, कारण तो कामाची कदर करणाऱ्यांकडून येतो. खोडदच्या मापांत विजेच्या तारांतल्या ठिणग्या आणि मोबाइलचे संकेत मिसळतात. वर्षानुवर्षे ते आकडे पाहणाऱ्याला कोणता तुकडा टाकायचा, हे नजरेने कळते. ती नजर शब्दांत पकडता येणार नाही, हे मान्य. पण तिने काय टाकले, त्याची यादी ठेवता येते. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ दशकानुदशके वापरत आलेली ‘एप्स’ ही प्रणाली प्रत्येक फाइलीसोबत एक इतिहास बाळगते : कोणते काम, कोणत्या आकड्यांनी, कोणत्या क्रमाने. क्रमही महत्त्वाचा असतो. आधी गोंगाट गाळून मग रेघ ओढली की छिद्रे वेगळी, आधी रेघ ओढून मग गाळले की वेगळी. नजर तज्ज्ञाची राहू द्या, तिची नोंद मात्र सर्वांची व्हायला हवी.

खोडदहून पुण्याकडे येताना नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर मागे टाकले की चाकण लागते. तिथल्या वाहन-उद्योगासाठी ओतीव भाग सीटीने तपासून घेणाऱ्यांनी ‘मूळ फोटो’ मागणे सोडावे आणि पुढील गोष्टी मागाव्यात. क्ष-किरणनळीचा दाब आणि पुढे लावलेला पत्रा, सावल्यांची संख्या, व्हॉक्सेलचा आकार, गाळणीचे नाव, कडी पुसली की नाही, किरण कठीण होण्याची दुरुस्ती केली असेल तर कोणती, रेघेचा आकडा आणि ती थोडी वर-खाली केल्यावर पोरॉसिटी किती बदलली. सोबत मूळ सावल्याही मागाव्यात. दोन हजार गुणिले दोन हजार पिक्सेलचा सोळा-बिटी शोधक असेल, तर एक सावली आठ मेगाबाइटची होते आणि अठराशे सावल्या साडेचौदा गिगाबाइटच्या आत बसतात. तेवढे आज खिशातल्या पेनड्राइव्हवर मावते, तरी अहवाल दिला की त्या पुसून जागा मोकळी करण्याचा मोह होतो. बाकीचे बहुतेक आकडे यंत्राच्या लॉग फाइलमध्ये स्कॅन होतानाच लिहिले जातात. ती फाइल अहवालाला जोडायची, एवढेच काम उरते.